मसल म्हणजे उंदीर: पटतंय का?

दंडबैठक: काल पुतण्याने बाही वर सारून दंड आवळला. "काका, मसल्स बघा!" म्हटलं, उंदीर दिसतोय रे. चिडलाच तो! पण मूळ लॅटिन शब्द 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं म्हणून. घरात कुणालाच पटलं नाही. तुम्हाला?

शंकासुर: मलाही नाही. आधी मजेशीर गोष्ट रचायची, मग शब्द तिच्यात कोंबायचा. उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

जुनी वही: एकाच भाषेत असतं तर योगायोग म्हटलं असतं. ग्रीकमध्ये उंदीर आणि स्नायू यांना शब्द एकच. जुन्या इंग्रजीतही 'मूस'ला दोन्ही अर्थ. रशियनमध्ये उंदीर 'मिश', स्नायू 'मिश्त्सा'. आणि मसलच्या स्पेलिंगमधला मुका 'सी' कुठला वाटतो? मुस्कुलुसमधलाच. 'मस्क्युलर' म्हणताना बोलतो की तो!

भगवी पाटी: एवढं फिरायचं कशाला? संस्कृत मूषकावरूनच घेतलंय सगळ्यांनी.

जुनी वही: घेतलेलं नाही. 'मूष' आणि लॅटिन 'मुस' ही भावंडं, मायलेकरं नव्हेत. शिवाय संस्कृतात त्याच उंदराच्या पिल्लाचा 'मुष्क' झाला, तो दंडात नाही, बराच खाली. कोशात बघा, घरच्या ग्रुपवर टाकू नका.

तालीमवाली: अहो, आपल्या दंडात काय आहे ते बघा ना. बेटकुळी! काही जण बेडकुळी म्हणतात, म्हणजे बेडूक आलाच. शाळेत मुलं बोटाचं पेर पुढे काढून दंडावर गुद्दा हाणायची, की टरारून गाठ वर यायची. रोमला उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

शंकासुर: बेडूक पटला. टुणकन उठतो तरी. उंदराबद्दल अजून कुरकुर आहे, पण रशियनपुढे गप्प.

जुनी वही: आपल्याकडचा घोळ याहून मोठा आहे. सुश्रुताने शरीरात 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले. त्याची 'पेशी' म्हणजे मसल, 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारे तंतू. हिंदीने 'मांसपेशी' जपली. मराठीत मसलला स्नायू म्हणतात आणि पेशी गेली सूक्ष्मदर्शकाखाली.

दंडबैठक: पुतण्याला बेटकुळी सांगितली. आता विचारतोय, बेडूक डावा की उजवा मोठा?