मदत हवी आहे: दिवसा कॉलेजचे प्रोजेक्टर, रात्री झाडीपट्टीचं नाटक, मग एडिटिंग कधी करू?

नमस्कार मंडळी,

पूर्व विदर्भातल्या एका कॉलेजात मी तंत्रसहायक आहे. ऑर्डरवर ‘संगणक प्रयोगशाळा’ एवढंच लिहिलंय. प्रत्यक्षात प्रोजेक्टर, वायफाय, बायोमेट्रिक, परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म, कॉलेजचं यूट्यूब, नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन) जिओटॅग फोटो आणि गॅदरिंगचा साउंड, सगळं माझ्याच गळ्यात. रडगाणं नाही हे. व्याख्यानांचं रेकॉर्डिंग तर मी स्वतः मागून घेतलंय.

दुसरं काम माझं स्वतःचं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की आमच्याकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम लागतो, तो थेट होळीपर्यंत. नाट्यमंडळांचं मोठं ठाणं म्हणजे वडसा, आमच्याहून वैनगंगेच्या पलीकडे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांना झाडीपट्टी हे नाव कळलं. आम्ही आजीच्या मांडीवर झोपत-उठत ही नाटकं पाहिलेली माणसं. मला त्यावर तासाभराची ऑडिओ डॉक्युमेंटरी करायची आहे, पण नटांवर नाही, प्रॉम्प्टरवर. आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात, तालमीला वेळ कुठला? म्हणून तो वाक्य देतो आणि नट उचलतो. एक माइक त्याच्याजवळ ठेवला होता. हेडफोनमध्ये आधी सपाट, बाजाराची यादी वाचावी तसं ऐकू येतं, ‘बाबा, मी या घरात परत येणार नाही’. एका श्वासानंतर तेच वाक्य स्टेजवरून हंबरडा फोडत येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी थांबवून तेवढाच तुकडा चारदा ऐकला.

आता अडचण. या हंगामात ११ रात्री रेकॉर्ड केल्या. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडायला संपतं, म्हणजे धरा सहा तास. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ म्हणजे तासाला साधारण एक जीबी. ६६ तासांचा माल हार्ड डिस्कवर पडून आहे आणि कापलेलं मिनिट एकही नाही.

वेळ नाही असं म्हणणं खोटं होईल. दिवसभरात मोकळा वेळ असतो, पण दहा-दहा मिनिटांच्या चिंध्या. एडिटिंगची टाइमलाइन उघडायची, कान जुळवायचे, तेवढ्यात फोन, “सर, प्रोजेक्टर लागून नाही राहिला.” दुसऱ्या मजल्यावर जायचं, विंडोज आणि पी दाबायचं, ‘डुप्लिकेट’ निवडायचं. काम आठ सेकंदांचं. उतरताना ऑफिसातल्या मॅडम प्रिंटरसाठी धरतात, मग ग्रंथपाल सर. परत येतो तर मघाशी कोणता टेक बरा वाटला होता तेच आठवत नाही. रात्री घरी बसावं तर डोळे मिटतात.

आणि मागच्या महिन्यात व्हायचं ते झालं. रात्रभर नाटक रेकॉर्ड करून सकाळी थेट कार्यशाळेचं रेकॉर्डिंग. आमच्या रेकॉर्डरचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा नुसता मिचकावतो, दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. मी एकदाच दाबलं. दीड तास त्या मिचकावणाऱ्या दिव्याकडे बघत होतो, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. पाहुणे नागपूरहून आले होते. प्राचार्य रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “तुमचं ते नाटक चालू आहे ना अजून?” रागावले असते तर बरं झालं असतं.

तर विचारायचं ते हे: एडिटिंगचं काम चिंध्यांमध्ये बसेल असं कोणी केलंय का? आणि कॉलेजात याबद्दल सांगून टाकावं की गप्प बसावं? एका रात्री माझा रेकॉर्डर बिघडला म्हणून मी कॉलेजचाच नेला होता, तेही मनात खातंय.

प्रतिसाद

मी एका विद्यापीठाच्या स्टुडिओत बारा वर्षं काढली. तुमची गफलत अशी की तुम्ही ‘ऐकणं’ आणि ‘कापणं’ एकाच वेळी करताय. ऐकणं चिंध्यांमध्ये होतं, कापणं होत नाही. सगळ्या फाइलींची ६४ केबीपीएस मोनो एमपी३ करा. सहा तासांची रात्र पावणेदोनशे एमबीत बसते. ती मोबाइलवर टाका आणि एक वही ठेवा: कोणती रात्र, कोणता मिनिट, काय आहे, घ्यायचं की नाही. प्रोजेक्टरला निघालात की वही मिटायची, परत आलात की पुढच्या ओळीपासून. कॉम्प्युटर मोकळा असेल तर ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला लेबल ट्रॅक (जागोजागी खुणा लिहायची पट्टी) वापरा, लेबलं टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर काढता येतात. टाइमलाइन मात्र रविवारी, सलग तीन तास मिळतील तेव्हाच उघडा. आणि मूळ फाइल एकाच डिस्कवर असेल तर हे वाचणं थांबवून आधी दुसरी प्रत काढा, तीही दुसऱ्या घरात ठेवा.

प्रतिसाद

प्रोजेक्टरचं सांगतो. प्रत्येक वर्गात पोडियमवर लॅमिनेट केलेला कागद चिकटवा: केबल कुठली, सोर्स कुठला, विंडोज आणि पी. सोबत फोटो. आमच्याकडे एवढ्याने अर्धे फोन कमी झाले. उरलेले अर्धे कधीच कमी होत नाहीत, कारण त्या सरांना प्रोजेक्टर नको असतो, कोणीतरी धावत आलेलं हवं असतं.

प्रतिसाद

गप्प बसू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ वाचा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी संस्था असते. तुमचं नाटकाचं काम नोकरीचा भाग नाही हे उघड आहे, पण कॉलेजचं यंत्र, कॉलेजचा वेळ, कॉलेजचा कॉम्प्युटर असं मिसळत गेलं की उद्या वाद घालायला जागा होते. प्राचार्यांना एक पानी पत्र द्या: हे माझं खाजगी काम, सुट्टीत आणि माझ्या साधनांवर, एका रात्री रेकॉर्डर वापरला तो अमुक तारखेला. पत्र पोचल्याचा इनवर्ड नंबर घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाटककाराची परवानगी. नटांचे आणि वादकांचे सादरकर्ते म्हणून हक्क कलम ३८ मध्ये वेगळे आहेत. प्रॉम्प्टरचीही लेखी संमती घ्या. वकिलाला एकदा दाखवा, मी वकील नाही.

प्रतिसाद

मी झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो. भाऊ, एक सांगू का, आमचं नाटकसुद्धा बारा महिने नसतं. धान निघाल्यावर आम्ही उभे राहतो, पावसात घरी असतो. तुम्ही हंगामात कापायला कशाला बसता? हंगामात फक्त गोळा करा आणि झोप काढा. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मोठा कार्यक्रम असेल तर आदल्या रात्री येऊच नका, आम्ही कुठं पळून नाही चाललो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुसरी प्रत काढली, भावाच्या घरी ठेवली. वहीची युक्ती चालते. आठवड्यात दोन रात्री ऐकून झाल्या, त्यातल्या एका रात्रीत कामाची फक्त १९ मिनिटं निघाली. म्हणजे ६६ तासांचा डोंगर मी उगाच डोक्यावर घेऊन फिरत होतो.

ऑर्गनवाले दादा, पटलं. जून-जुलै ॲडमिशनमध्ये जाणार, त्यामुळे कापायला ऑगस्ट-सप्टेंबर ठरवलंय.

प्राचार्यांना पत्र दिलं. त्यांनी वाचून विचारलं, “रेकॉर्डर चालला ना नीट?” एवढंच. इनवर्ड नंबर मिळाला.

प्रॉम्प्टर काकांची संमती घ्यायला गेलो तर ते चष्मा घरी विसरलेले. म्हणाले, तूच वाच. मी वाक्य वाचायचो आणि ते माझ्यामागून म्हणायचे, अख्खं पान. मग सही केली. रेकॉर्डर पिशवीत होता, बंद.

आता एक नवीन प्रश्न. तीन रात्रींच्या रेकॉर्डिंगमध्ये जनरेटरची घरघर आहे. सगळी काढायची नाही मला, ती तिथलीच आहे, पण प्रॉम्प्टरचा हळू आवाज तिच्याखाली बुडतो. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. कोणी असा माल हाताळलाय का?