ह-क-म : लगाम आधी की शहाणपण?

वाळवंटी (धागाकर्ता)
हुकूम, हाकीम, हकीम, हिकमत, हुकूमत. सगळे एकाच अरबी धातूचे, ह-क-म या तीन व्यंजनांचे. (हा ह घशातून खोल काढायचा, हलवा आणि हमाल या शब्दांतला.) पण आज्ञा, न्यायाधीश, वैद्य आणि शहाणपण एका घरात नांदतात कसे?

दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस याचं उत्तर ठाम आहे. धातूचा अर्थ एकच : अडवणं. लगामाचा जो भाग घोड्याच्या जबड्याला वेढतो तो 'हकमा', कारण तो जनावराला आवरतो. हुक्म जुलमाला अडवतो, हिक्मा अज्ञानाला. पुराव्याला तो उमय्या काळातल्या जरीर कवीची ओळ देतो : 'हे बनू हनीफा (ही एक अरब टोळी), तुमच्या मूर्खांना आवरा, नाहीतर मी तुमच्यावर चिडेन अशी मला भीती वाटते.' इथे 'आवरा' या अर्थी क्रियापद आहे 'अहकिमू'. माझ्या मते विषय इथेच संपतो.

चिकित्सक चंपा
संपत नाही. अरबीच्या शेजारणींना विचारलंत का? हिब्रूत हाखाम म्हणजे शहाणा माणूस, होखमा म्हणजे शहाणपण. बायबलातलं नीतिसूत्रे हे पुस्तक त्या शब्दाने भरलेलं आहे. अरामीतही तेच. प्राचीन मेसोपोटेमियातली अक्कादी तर या सगळ्यांहून जुनी लिखित भाषा, तिच्यात 'हकामू' म्हणजे समजणं, उमगणं. लगाम कुठेच नाही. म्हणजे 'जाणणं' हा अर्थ आधीचा, आणि 'अडवणं' अरबीत मागाहून आलेलं.

साखळी अशी लावून बघा. टोळीत भांडण झालं की सगळ्यांना मान्य असलेल्या जाणत्या माणसाकडे जायचे, तो हकम, म्हणजे लवाद. त्याचा निवाडा तो हुक्म. निवाडा पाळावा लागतो, म्हणून आज्ञा. आज्ञा देतो तो हाकिम. आवरणं सगळ्यात शेवटी. आणि कुराणात (१९:१२) यह्या या पैगंबराला बालपणीच 'हुक्म' दिला असं म्हटलंय. लहान मुलाला काय सुभेदारी दिली? तिथे पुष्कळ भाष्यकार समज, शहाणपण असाच अर्थ घेतात.

वाळवंटी
आणि जरीरचं काय करायचं?

चिकित्सक चंपा
जरीर माझ्याच बाजूचा! ओळीत 'सुफहा' आहेत, म्हणजे मूर्ख. मूर्खांना 'शहाणं करा' हा अर्थ तितकाच चपखल बसतो. शिवाय कोशकार सांगतो म्हणून मूळ अर्थ तोच, हे कसं? त्याच्यापुढे फक्त अरबी होती. अक्कादीतले मातीच्या विटांवरचे लेख वाचता यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

मोडीप्रेमी
थोडं अवांतर. आपल्याकडे हे शब्द फारसीच्या दारातून आले आणि येताना एकमेकांची ओळख विसरले. राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपनाह' किताब दिला, तिथे सत्ता. हिकमती माणूस म्हणजे मात्र युक्तीबाज, कधी थोडा लबाडही. हुकमी एक्का आणि हुकमी औषध यांत 'हमखास' एवढंच उरलं. मराठी माणसाला हुकूम आणि हिकमत भाऊबंद वाटतच नाहीत, मग धातूचा 'एक अर्थ' राहतो कुठे? कोशात?

वाळवंटी
मराठीचं सोडा, अरबी माणसाला ते नातं जाणवतं. सिफ्फीनच्या लढाईनंतर, ६५७ मध्ये, तिथे एकमेकांशी लढलेले खलीफा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांनी दोन लवाद नेमले. त्या लवादीचं नाव तहकीम. ती न मानणारे अलींच्या गोटातून बाहेर पडले आणि ओरडले, 'हुक्म फक्त अल्लाहचा!' लवाद आणि सत्ता, एकाच धातूवर केलेला वार. अलींचं उत्तरही प्रसिद्ध आहे : वाक्य खरं, हेतू खोटा.

फक्त वाचक
हकीम रोगाला अडवतो म्हणून हकीम, एवढं सोपं आहे की. 😀

चिकित्सक चंपा
@फक्त वाचक, नाही हो. हिक्मा म्हणजे तत्त्वज्ञानसुद्धा. इब्न सीनासारखे लोक तत्त्वज्ञ आणि वैद्य दोन्ही असत, म्हणून 'ज्ञानी' हे बिरुद वैद्याला चिकटलं. रोग अडवण्याचा संबंध नाही.

@वाळवंटी, सिफ्फीनचं उदाहरण छान, पण त्यातही लवाद आणि निवाडाच आहे. लगाम दिसला नाही.

वाळवंटी
मग अकलेचं बोला! आपली अक्कल अरबी 'अक्ल'वरून. त्याच धातूचा 'इकाल', म्हणजे उंटाचा गुडघा बांधायची दोरी. खुनाच्या भरपाईलाही अक्ल म्हणत, कारण त्या बदल्यातले उंट मयताच्या घरच्यांच्या अंगणात आणून बांधत. बुद्धी म्हणजे बांधून ठेवणारी ती. अरबांनी एकदा असा विचार केला, तर दुसऱ्यांदा का नाही?

चिकित्सक चंपा
अकलेबाबत मान्य. तिथे शेजारणीही साक्ष देतात : हिब्रू आणि सिरियाकमध्ये त्या धातूला पिळणं, वाकडं करणं असे अर्थ आहेत, बुद्धी नाही. म्हणून दोरी आधी, अक्कल नंतर. ह-क-म मध्ये साक्ष नेमकी उलटी पडते. एका धातूचा निकाल दुसऱ्याला लावू नका. तुमचे इब्न फारिसही तसं करत नाहीत. जमत नसेल तिथे ते सरळ लिहितात, याची मुळं दोन, याची तीन.

मोडीप्रेमी
+१. पुढचा धागा 'अ-क-ल'वर काढा, अंगणातल्या उंटांबद्दल अजून वाचायचंय.