रीडर पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही

विंडोजमध्ये डीफॉल्ट पीडीएफ रीडर बदलूनही पीडीएफची लिंक ब्राउझरच्या टॅबमध्येच उघडते, अशी तक्रार आहे आणि त्यावर या चर्चेत वर कुणीतरी रीडर काढून पुन्हा टाकायला सांगितलंय. रीडरचा यात काही संबंध नाही. क्लिक केल्यावर ब्राउझर आधी सर्व्हरने पाठवलेला कंटेंट-टाइप हेडर (फाईल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी, फाईलसोबत येणारी ओळ) बघतो. तिथे 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' दिसलं की त्याचा स्वतःचा व्ह्यूअर पुढे सरसावतो, विंडोजला कुणी विचारतच नाही. विंडोजची निवड कामाला येते ती फाईल डिस्कवर उतरून तुम्ही ती उघडलीत की, आणि तेव्हा बघितलं जातं एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलच्या नावाचा '.pdf' असा शेवट.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, ॲप्लिकेशन्स इथे जाऊन पीडीएफसमोर 'ऑल्वेज आस्क' किंवा थेट तुमचा रीडर निवडा. (२०२२ मधल्या ९८ व्या आवृत्तीपासून बहुतेक फाईल्स न विचारताच डाउनलोड होतात. मला तरी जुनी पद्धत बरी वाटायची.) क्रोममध्ये साइट सेटिंग्जमधल्या पीडीएफ डॉक्युमेंट्समध्ये डाउनलोडचा पर्याय आहे.

उलट, एखादी साइट प्रत्येक पीडीएफ डाउनलोडच करायला लावत असेल, तर सर्व्हर बहुधा कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये (फाईल दाखवायची की उतरवायची हे सांगणाऱ्या हेडरमध्ये) 'अटॅचमेंट', म्हणजे 'उतरवून घ्या', असं पाठवतोय. ते साइटवाल्यांनाच बदलावं लागेल.