आयरिश टोस्ट: कोणत्या प्रसंगी काय म्हणतात? अनुभव लिहा

लिफीकाठ
आज एका लग्नपत्रिकेवर आयरिश ओळ दिसली आणि डब्लिनचे टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावून म्हणायच्या शुभेच्छा, आठवले. तिकडे राहिलेल्यांनी प्रसंगानुसार लिहा, उच्चार देवनागरीतच द्या. आयरिश स्पेलिंग वाचून बोललं की हमखास चुकतं. कुठेही चालणारं म्हणजे 'स्लॉन्चा', आरोग्य. उत्तर 'स्लॉन्चा वाह'. नजर समोरच्याकडे, ग्लासकडे नाही.

कॉर्कची_काकू
आयर्लंडच्या दक्षिणेत 'स्लॉन्त्या' ऐकाल, दोन्ही बरोबर. लग्नात 'ग मॅर्या शिव वुर सील नूअ', नवं आयुष्य तुम्हा दोघांना लाभो. एकट्यालाच म्हणायचं तर 'शिव वुर सील'च्या जागी 'तू द हील'. तिकडेही एकवचन 'तू'च!

गॉलवेकर
लांबवाला कुणीच नाही लिहिला? आरोग्य नि आयुष्य, मनासारखी बायको, खंडाशिवाय (जमीनदाराला भाडं न देता) जमीन, दरवर्षी मूल आणि 'बॉस इन एरिन', म्हणजे मरण आयर्लंडमध्ये. १८४५ला बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात लाखो लोक मेले, लाखो जहाजाने अमेरिकेला गेले. मागे राहिलेली कुळं खंड भरत राहिली, १८७९ला जमिनीचा लढा पेटला. म्हणून त्या दोन मागण्या सर्वांत जड. शेवटच्या ओळीआधी क्षणभर थांबा, घाईत म्हटलं की वाया जातं. आणि 'दरवर्षी मूल' नवदांपत्यासमोर नको, कुणाची काय अडचण असेल सांगता येत नाही.

मीठभाकर
+१. आणि कोणी गेलं असेल तर?

लिफीकाठ
गेलेल्याचं नाव घेऊन ग्लास उंचावायचा, बस. सोबत 'एर येश ज्ये ग रेव अ आनम', त्याचा आत्मा देवाच्या उजव्या हाताला असो. बाई असेल तर शेवटी 'अ हानम'. 'सैतानाला तू मेल्याचं कळायच्या अर्धा तास आधी स्वर्गात पोहोच' हा वाढदिवसाला छान. मयताच्या घरी मात्र घरच्यांनी आधी म्हटला तरच.

निशिगंध
कुकर लावलाय, पटकन विचारते. न पिणाऱ्यांनी काय करायचं?

कॉर्कची_काकू
पाणी, चहा, काहीही उचला. तिकडे १८९८पासून पायोनियर नावाची मद्यत्यागी संघटना आहे, सदस्य कोटावर छोटी पिन लावतात. पिन दिसली की आग्रह करू नये.

सह्याद्रीवेडा
१७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक दिनी, शेवटच्या ग्लासात शॅमरॉकची (आयर्लंडचं प्रतीक असलेल्या तिपानी रोपाची) पानं टाकतात, टोस्ट म्हणून पितात, मग पानं काढून डाव्या खांद्यावरून मागे फेकतात. याला 'शॅमरॉक बुडवणं' म्हणतात. त्या दिवसाला 'पॅडीज डे' म्हणा, 'पॅटीज' ऐकलं की तिथले लोक चिडतात. आणि 'आयरिश कार बॉम्ब' नावाचं पेय तिथे कधीही मागू नका. बॉम्बस्फोटांत माणसं गमावलेली कुटुंबं शेजारच्या टेबलावर असू शकतात.

गॉलवेकर
अजून एक चूक, टोस्टची वेळ. स्टाउटचा, म्हणजे काळ्या बिअरचा, पाइंट ५६८ मिली. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पाऊण भरतात, फेस बसू देतात, मग वरपर्यंत. जवळजवळ दोन मिनिटं जातात. व्हिस्कीचं ३५.५ मिलीचं माप लगेच हातात येतं. व्हिस्कीवाल्यांनी थांबायचं. सगळ्यांचे ग्लास आल्याशिवाय टोस्ट नाही.

मीठभाकर
अवांतर: लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव वराड, तालुका मालवण. लिओ आयर्लंडचे पंतप्रधान असतानाच २०१८ला गुड फ्रायडेची पबबंदी उठली.

निशिगंध
अरे वा! आमचं आजोळ तिकडेच. नाताळचा टोस्ट कुणी लिहील का?

लिफीकाठ
'ग मेरिमिज ब्यो एर अन आम शो अरीश'. पुढच्या वर्षी याच वेळी आपण सगळे जिवंत असू दे. नववर्षालाही हाच.

सह्याद्रीवेडा
राउंडचंही लिहा कुणीतरी. पाळीपाळीने प्रत्येकाने सगळ्यांसाठी घ्यायचं असतं. लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड स्वतः घ्या, म्हणजे कुणाचं देणं राहत नाही.

कॉर्कची_काकू
बरोबर. आठ-दहा जण असतील तर दोन गट करा, नाहीतर शेवटच्याची पाळी येईपर्यंत पब बंद होतो.