मदत हवी: जुन्या पिकअपला डीआय इंजिन बसवलं, पन्नासच्या वर गाडी थरथरते

पावसचा पिकअपवाला
नमस्कार मंडळी, पिकअपला डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन बसवून तीन आठवडे झाले, इंजिन एकदम मस्त चालतंय, पण पन्नासच्या वर काटा गेला की सगळी गाडी थरथरते आणि सीटखालून गुर्रर आवाज येतो. मेकॅनिक म्हणाला फाउंडेशन (इंजिनाखालचे रबर) गेलेत, ते बदलले, काही फरक नाही. चाकं बॅलन्स करून झाली. पंधरा दिवसात आंबा सुरू होईल, पेट्या वाशीला न्यायच्यात, दुसरी गाडी भाड्याने घ्यायला परवडत नाही. कोणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

खेडचा मेकॅनिक
गाडी कुठली? वर्ष? इंजिन कशातलं? गिअरबॉक्स जुनाच ठेवला की इंजिनाबरोबर आला? यातलं काहीच नाही लिहिलंत, सांगणार काय?

पावसचा पिकअपवाला
महिंद्राच हो, ९८ ची, आधी प्यूजो इंजिन होतं. डीआय बोलेरो पिकअपचं, भंगारवाल्याकडून गिअरबॉक्ससकट. बाकी सगळं जुनंच.

घाटमाथा
मी जीपला हेच केलंय. प्यूजो २११२ सीसीचं आणि हे २५२३ चं, ओढ खूप जास्त, आणि तुमचं मागचं क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चक्रं) जुनंच म्हणजे गाडी पन्नासलाच ओरडणार. रेशो मोजा आधी. मागचं एक चाक जमिनीवर ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा, दुसरं चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक स्थिर म्हणून दोन), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणारा दांडा) किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा, तोच रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. माझ्या जीपला ४३:८ होतं, बदलल्यावर इंजिन शांत झालं.

खेडचा मेकॅनिक
रेशोने इंजिन ओरडेल, गाडी कशाला थरथरेल? साठला गेल्यावर क्लच दाबून नुसती पळू द्या. तरीही थरथरली तर इंजिनाचा संबंध नाही, दोष शाफ्ट, हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) नाहीतर चाकात. आधी हे बघा, मग खर्च करा.

घाटमाथा
मी हाताने केलेलं सांगतोय, ऐकीव नाही.

दापोलीकर७७
भाऊ एवढी खटपट कशाला, २८ वर्षांची गाडी, विकून टाका आणि सेकंडहँड छोटा हत्ती घ्या. माझ्या मेहुण्याने हर्णैला मासळीच्या गाडीला असाच खर्च केला, शेवटी माशाच्या पाण्याने चासीच गेली.

पावसचा पिकअपवाला
गाडी बाबांची आहे, विकायची नाही. चासी चांगली आहे, मासळी कधी भरली नाही. क्लच दाबून बघितलं, तरीही थरथरतेच!

रत्नागिरीचा लेथवाला
शाफ्टचं काय केलंत? नवा गिअरबॉक्स लांबीला वेगळा, म्हणजे जुना शाफ्ट तसाच बसणं अवघड.

पावसचा पिकअपवाला
तो लांब पडत होता म्हणून कापून वेल्डिंग केलं, त्यात काय. गावातल्या वेल्डरने केलं.

रत्नागिरीचा लेथवाला
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना! शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फॉर्क (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. क्रॉस (फॉर्कमधला अधिकच्या चिन्हासारखा सांधा) वाकड्या कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढेमागे होतो, एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकाने खायचा असतो, फॉर्क वाकडे लागले तर झटके खाण्याऐवजी वाढतात. शाफ्ट काढून सपाट फरशीवर ठेवा, एका टोकाचा क्रॉस आडवा करा, दुसराही आडवा दिसला पाहिजे. दुसरं, पाइप लेथवर धरून किती उड्या मारतो ते बघा, वेल्डिंगने पाइप थोडा वाकतोच. आणि गिअरबॉक्सचा कल आणि हाउसिंगच्या नाकाचा (शाफ्ट जोडतो त्या टोकाचा) कल सारखा हवा, नवं माउंटिंग खाली-वर लावलं असेल तर तिथेही बघा.

मालवणी डिझेल
आमच्याकडे ट्रॉलरवर लेलँडचा सहा सिलिंडर असता, ता कधी थरथरत नाय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा इंजिनं खोलतंव, तेव्हा येवन बघा.

खेडचा मेकॅनिक
बोटीला घाटात ब्रेक मारायचा नसतो. त्यावरून आठवलं, पिकअपवाले, ब्रेक कसे आहेत?

पावसचा पिकअपवाला
ब्रेक कडक लागतात, दोन पायांनी दाबावं लागतं, पण तो वेगळा विषय. डायनेमोच्या मागून तेल गळत होतं म्हणून इलेक्ट्रिशियनने दुसरा साधा डायनेमो लावला, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका लागावा म्हणून असतो त्याचा) पाइप बांधून ठेवलाय.

खेडचा मेकॅनिक
अहो गाडी थांबवा! वेगळा विषय नाही तो. डायनेमोच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, डिझेलमध्ये बूस्टरला व्हॅक्यूम तिथूनच मिळतो. पंपाचा डायनेमो परत लावा, सील बदला, तेलाची लाइन तपासा. त्याआधी पेट्या भरून कुठलाही घाट उतरायचा नाही म्हणजे नाही.

मालवणी डिझेल
ह्या बरोबर बोललो. आदी बरेक बघ, बाकी सगळा मागसून.

शिरोडकर_सर
इंजिन नंबर बदलला म्हणजे आरसी बदलायला हवी, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. एमएच-०८ ला (रत्नागिरी आरटीओला) परवानगीचा अर्ज केलात का? मालवाहू गाडी जुनी असली की दर वर्षी पासिंग, तिथे चासी-इंजिन नंबर बघतात. भंगारवाल्याचं बिल जपून ठेवा. विमा कंपनीलाही कळवा, अपघात झाला तर नंबर जुळला पाहिजे.

घाटमाथा
सर, आधी गाडी चालू दे, मग कागद.

शिरोडकर_सर
उलटं आहे ते. कागद नसेल तर क्लेमच्या वेळी वर्षभर खेटे घालावे लागतात, मी बघितलंय.

पावसचा पिकअपवाला
शाफ्ट काढला मंडळी. एक क्रॉस आडवा ठेवला तर दुसरा तिरका दिसतोय, चांगलाच, साधारण एक बोट फरक. वेल्डर म्हणाला डोळ्यांनी धरला होता. आता लेथवर कापून परत सरळ करतोय आणि बॅलन्स करायला पाठवतोय. डायनेमोचं पण सांगितलंय, सील रत्नागिरीत मिळालं. बिल आहे माझ्याकडे, आरटीओला सोमवारी जातो.

रत्नागिरीचा लेथवाला
फॉर्क सरळ करताना क्रॉस नवेच टाका, कमी पैशाचं काम आहे. बसवल्यावर आधी रिकामी चालवा, मग भरून चालवा, कारण भरल्यावर पाटे (मागच्या स्प्रिंगा) दबतात आणि हाउसिंगच्या नाकाचा कल बदलतो. रिकामी शांत आणि भरलेली थरथरली तर इथेच लिहा, मग पाट्याखाली पाचर लावून कल कसा सारखा करायचा ते सांगतो. आणि ब्रेक नीट तपासल्याशिवाय भरून चालवू नका.