‘बॉय’, ‘अंकल’, ‘मिस’ आणि मराठीतला ‘तू’

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यावरचा मजकूर मराठीत आणतो आहे. कायदे, तारखा, न्यायालयाची भाषा यांत फारसं अडलं नाही. अडलं ते हाकांपाशी, म्हणून इथे मांडतो.

जून १९६३. अलाबामा राज्यातलं गॅड्सडेन शहर. निदर्शनांमधल्या अटकांविषयी सुनावणी चालू आहे आणि नागरी हक्कांच्या लढ्यातल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन साक्षीला उभ्या आहेत. नाव विचारल्यावर त्यांनी ‘मिस मेरी हॅमिल्टन’ असं सांगितलं. सरकारी वकिलाने पुढचा प्रश्न ‘मेरी’ म्हणून विचारला. अटक कोणी केली, एवढाच प्रश्न होता. त्या म्हणाल्या, माझं नाव मिस हॅमिल्टन आहे, मला नीट संबोधा. वकिलाने पुन्हा ‘मेरी’च म्हटलं. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं, तरी त्यांनी दिलं नाही. न्यायालयाचा अवमान केला म्हणून पाच दिवस तुरुंग आणि पन्नास डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च १९६४मध्ये ती शिक्षा रद्द झाली.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: ‘मेरी, तुम्हाला कोणी अटक केली?’ लिहून झाल्यावर वाचलं, तर मेरी हॅमिल्टन मला हट्टी वाटायला लागल्या. वकील तर ‘तुम्ही’ म्हणतोय, मग बिघडलं कुठे? चूक माझ्या वाक्यात होती. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे मान-अपमानाचा सगळा भार नावावर आणि नावाआधीच्या ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’वर येतो. आपल्याकडे तो भार सर्वनामावर आणि क्रियापदावर असतो. नुसतं पहिलं नाव घेण्यात मराठीला काही खटकत नाही. नावापुढे ‘बाई’ किंवा ‘राव’ लावून मानाने बोलता येतंच. वकिलाने ‘मेरीबाई, तुम्हाला’ असं विचारलं असतं, तर मराठीत ते अदबीचं ठरलं असतं. म्हणजे मूळ शब्द जसाच्या तसा ठेवला तरी त्यातला अपमान मराठीत येताना गळून पडतो. तो परत आणायचा तर ‘मेरी, तुला कोणी अटक केली?’ असंच लिहायला हवं.

दुसरा शब्द ‘बॉय’. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषाला, तो साठीचा असला तरी, गोरा माणूस ‘बॉय’ म्हणे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हे दुखणं सांगितलं आहे: वय कितीही असो, तुम्ही ‘बॉय’च, आणि तुमच्या आईला आणि बायकोला कधी ‘मिसेस’ लागत नाही. याला मराठीत काय म्हणू? ‘मुला’ फार स्वच्छ आहे, शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. ‘बाळा’ तर साफ चूक, त्यात माया आहे. ‘पोरा’ जरा जवळ येतं, पण गावाकडचा म्हातारा नातवालाही ‘पोरा’ म्हणतोच. ‘बॉय’ तसाच ठेवला तर तो शब्द मराठीत कधीच रुळला आहे आणि कुणाला लागत नाही. सध्या माझी निवड ‘पोऱ्या’ आहे. पोऱ्या म्हणजे हाताखालचा, सांगकाम्या, ज्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटत नाही तो. पन्नाशीच्या माणसाला कुणी ‘ए पोऱ्या’ म्हटलं, तर मराठी वाचकाला जिथे लागायला हवं तिथेच लागेल.

हा शब्द जुन्या काळात राहिला असंही नाही. त्याच गॅड्सडेनमधल्या, कोंबडीचं मांस तयार करणाऱ्या एका कारखान्यात दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना बढती नाकारली गेली. नाकारणारा गोरा व्यवस्थापक त्यांना ‘बॉय’ म्हणत असे. खालच्या न्यायालयाचं म्हणणं पडलं की ‘बॉय’च्या आधी ‘ब्लॅक’ नसेल, तर नुसता तो शब्द वंशभेदाचा पुरावा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये हे मानलं नाही. विशेषण असलंच पाहिजे असं नाही. संदर्भ, आवाजाची ढब, सूर, तिथली रूढी आणि शब्दाचा पूर्वापार वापर हे सगळं पाहून अर्थ ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. शब्दाचा अर्थ कसा ठरवावा यावर कोशकारालाही याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही.

१९६८मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संपात जे फलक गळ्यात अडकवले, त्यांवरचं वाक्य याच ‘बॉय’ला उत्तर होतं: ‘आय अ‍ॅम अ मॅन’. मराठीत ते नेहमी ‘मी माणूस आहे’ असं येतं. त्यात माणुसकीचा दावा येतो, तो खोटा नाही. पण मूळ वाक्यात मी पोऱ्या नाही, प्रौढ पुरुष आहे, हेही आहे, आणि ते सुटतं. ‘मी कर्ता माणूस आहे’ असं लिहून पाहिलं. अर्थ भरतो. फलकावर मात्र ‘मी माणूस आहे’ याचाच ठसा उमटतो. मजकुरात दोन्ही वापरावं का, यावर मत हवं आहे.

सगळ्यात अवघड ‘अंकल’ आणि ‘आँटी’. वाचताना वाटतं, किती आपुलकी! मराठीत ‘काका’, ‘मावशी’ म्हणजे अनोळखी माणसाला मान देण्याची सोपी वाट. तिथे त्याच शब्दांचं काम उलटं होतं. वयस्क कृष्णवर्णीय माणसाला ‘मिस्टर’ म्हणायचं नाही, आणि इतक्या म्हाताऱ्याला ‘बॉय’ म्हणायला गोऱ्यांचीही जीभ रेटेना, तेव्हा ‘अंकल’. नात्याचा शब्द वापरून मानाचा शब्द चुकवायचा. त्याच म्हाताऱ्याने गोऱ्या घरातल्या पोरसवदा मुलाला मात्र ‘मिस्टर’ लावायचं. किराणा मालाच्या डब्यांवर ‘अंकल’ आणि ‘आँट’ लावलेली काळ्या माणसांची नावं आणि चित्रं कित्येक दशकं होती. ती काढण्याचे निर्णय २०२०मध्ये झाले, तेव्हा अनेकांना ते अतिरेकी वाटले. त्या हाकेमागचा हा इतिहास ठाऊक असता, तर बहुधा वाटले नसते. ‘काका’ लिहिलं तर वाचक नेमका उलटा अर्थ घेणार.

प्रतिसाद

‘पोऱ्या’ पटला. ‘तू’ पटला नाही. मूळ इंग्रजीत ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही, मग तुम्ही पदरचं घालताय असं नाही का होत? शिवाय एकेरी म्हणजे अपमान हे समीकरण मराठीत तरी टिकत नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, जिवलग मैत्रिणीला ‘तू’ म्हणतो. वाचकाने तुमचा ‘तू’ जवळिकीचा धरला तर?

मूळ लेखक

आक्षेप रास्त आहे, रात्रभर डोक्यात घोळत राहिला.

आई आणि मी एकमेकांना ‘तू’ म्हणतो, मैत्रिणीचंही तेच. ‘अरे’ला ‘का रे’ म्हणायची मोकळीक असली, की ‘अरे’ कुणाला बोचत नाही. गॅड्सडेनच्या न्यायालयात ती मोकळीक एकाच बाजूला होती. मेरी हॅमिल्टन यांनी उलट त्या वकिलाला त्याच्या पहिल्या नावाने हाक मारलीसुद्धा नाही, फक्त स्वतःला नीट संबोधायला सांगितलं, तरी पाच दिवसांचा तुरुंग झाला. म्हणून मजकुरात वकील त्यांना ‘तू’ म्हणेल आणि त्या वकिलाला ‘तुम्ही’ म्हणतील. दोन्ही सर्वनामं शेजारी आली, की तो ‘तू’ जवळिकीचा वाटणार नाही.

पदरचं घालण्याबद्दल: दोन सर्वनामं असलेल्या भाषेत हा भेद कुठे बसतो, याचा पुरावा आहे. ३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या ताब्यातला काँगो स्वतंत्र झाला, त्या समारंभात बेल्जियमच्या राजासमोर काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा फ्रेंचमध्ये बोलले. गुलामगिरीतल्या यातना मोजताना त्यांनी सक्तीची मजुरी सांगितली, मारहाण सांगितली, आणि त्याच दमात हेही सांगितलं की काळ्या माणसाला ‘तू’ म्हटलं जाई, तेही मित्र म्हणून नव्हे, तर मानाचं ‘तुम्ही’ फक्त गोऱ्यांसाठी राखलेलं होतं म्हणून. फ्रेंचमधलं ‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे अगदी आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. ते वाक्य मराठीत आणताना एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. सर्वनामाचा अपमान राष्ट्राच्या पहिल्या दिवशी मारहाणीच्या शेजारी नोंदवावासा वाटला, यावरून तो किती खोल गेला असेल ते दिसतं.

आणखी एक प्रतिसाद

यात ‘सामी’ हा शब्दही यायला हवा. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला सरसकट ‘कुली’ म्हणत. बॅरिस्टर गांधीसुद्धा ‘कुली बॅरिस्टर’. दुसरं नाव ‘सामी’. तिथल्या नाताळ वसाहतीत १८६०पासून नेलेल्या गिरमिट्यांत, म्हणजे करारावर बांधलेल्या भारतीय मजुरांत, तमिळ भाषक पुष्कळ होते. त्यांच्या नावांच्या शेवटी ‘सामी’ येई, तेच हिणवण्याचं नाव झालं. पण सामी म्हणजे स्वामी. गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की एखादा हजरजबाबी हिंदी माणूस गोऱ्याला सांगे, तुम्ही मला सामी म्हणता खरं, पण सामी म्हणजे धनी. मी काही तुमचा धनी नाही. शब्द अर्थाने कितीही थोर असो, वरून खाली फेकला की शिवी होतो.

मूळ लेखक

‘सामी’चा दाखला घेतो, आभार. त्या प्रसंगाचा खर्डा आता असा झाला आहे:

‘मेरी, तुला कोणी अटक केली?’
‘माझं नाव मिस हॅमिल्टन आहे. तुम्ही मला नीट संबोधा.’
‘तुला कोणी अटक केली, मेरी?’
‘मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही.’

‘मिस’ तसाच ठेवला. ‘कुमारी’ लिहून पाहिलं, पण ते अर्जातल्या रकान्यासारखं वाटलं, आणि त्यांनी मागितला तो नेमका हाच शब्द होता. ‘अंकल’ अजून सुटलेला नाही. कुणाला ‘म्हातारबा’ कसा वाटतो?