पुरवठा साखळीत सहकार्य हवंय? मग आधी बोनस कशावर मिळतो ते बघा

तराजू:
"पुरवठादार आमचे भागीदार" असं मोठ्या कंपन्या उठसूट म्हणतात. पण खरेदी खात्यातल्या माणसाचा बोनस ठरतो दर किती पाडला यावर, आणि विक्रीवाल्याचा, तिमाही संपायच्या आत किती माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला यावर. मग माणसं कितीही भली असोत, खरी मागणी एकमेकांना कशाला सांगतील? आधी नफ्या-तोट्याची वाटणी बदला, सहकार्य मागून येईल.

१९९८ आधी अमेरिकेत व्हिडिओ भाड्याने देणारी दुकानं एका कॅसेटला सुमारे ६५ डॉलर मोजत. त्यामुळे मोजक्याच घेत, आणि नव्या सिनेमासाठी आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. मग ब्लॉकबस्टर या अशाच दुकानांच्या साखळीने सिनेमा स्टुडिओंशी करार केले: कॅसेट साधारण ८ डॉलरला, बदल्यात भाड्यात स्टुडिओला हिस्सा. दुकानात कॅसेटी भरपूर आल्या.

ओंजळ:
असहमत. ते जमलं, कारण प्रत्येक भाड्याची नोंद संगणकावर होती. हिस्सा मोजताच येत नाही तिथे काय?

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये टोयोटाचा पुरवठादार असलेल्या ऐसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा, आणि साठा अगदी जेमतेम. टोयोटाचे कारखाने थांबले. ज्यांनी तो व्हॉल्व्ह कधीच बनवला नव्हता असे पुरवठादार नुसती ड्रॉइंग मागवून, भाव न ठरवता कामाला लागले. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बऱ्यापैकी बाहेर पडू लागल्या. हे कुठल्या करारात बसवाल?

तराजू:
टोयोटाने नंतर आपल्याला थेट माल देणाऱ्या पुरवठादारांना, त्यांनी त्या तिमाहीत टोयोटाला केलेल्या विक्रीच्या १ टक्क्याएवढी रक्कम दिली. झळ सोसली तर भरून मिळते, हा अनुभवच भरवसा तयार करतो.

ओंजळ:
ती रक्कम मिळेल हे आगीच्या दिवशी कुणाला ठाऊक होतं? मागाहून आलेले पैसे आधीच्या वागण्याचं कारण कसे ठरतील?

सुटे_भाग:
तुम्ही दोघंही मोठ्या कंपनीच्या खुर्चीत बसून बोलताय. मी पुरवठादाराच्या बाजूला आहे. सहकार्याच्या नावाखाली आमच्याकडून खर्चाचा तपशील मागतात आणि पुढच्या वर्षी त्यावरच बोट ठेवून दर कापतात. माल त्यांच्या गोदामात, पण वापरेपर्यंत मालकी आमची, म्हणजे व्याजही आमच्याच बोकांडी.

क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीने १९९० च्या दशकात चांगली रीत पाडली होती. पुरवठादाराने बचतीची सूचना करायची, वाचलेल्या पैशात त्याचाही वाटा. पुढे कंपनी जर्मनीच्या डाइम्लरमध्ये विलीन झाली, तोटा झाला, आणि डिसेंबर २००० मध्ये फर्मान सुटलं: १ जानेवारीपासून दर ५ टक्क्यांनी कमी करा. वर्षानुवर्षांचं नातं असं एका पत्रात संपतं, ओंजळ.

तराजू:
म्हणूनच मी म्हणतो, वाटणी करारातच हवी.

सुटे_भाग:
करार घेऊन कोर्टात जाणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही. तरीही लिहिलेलं बरं. बचतीतला आमचा वाटा निदान तीन वर्षं टिकेल हे परचेस ऑर्डरमध्ये घाला, आणि खरेदीवाल्याचा बोनस वेळेवर दिलेल्या पैशांवर आणि तुटवड्यावरही ठरवा. तोवर आमचे आकडे आम्ही उघडे करणार नाही.